टपावरचा तंबू

मोटारीच्या किंवा एस.टी.च्या छताला मराठी बोलीत ‘टप’ म्हणतात, आणि या टपाने आजवर पुष्कळ काही वाहिले आहे: बाजाराला निघालेल्या भाजीच्या पाट्या, यात्रेकरूंची बोचकी, वऱ्हाडाच्या ट्रंका, कोंबड्यांची खुराडी, आणि वडापाच्या जीपमध्ये आत जागा उरली नाही म्हणजे माणसेसुद्धा. गेल्या काही वर्षांत पुणे–सातारा महामार्गावरून सह्याद्रीकडे वळणाऱ्या थार, गुरखा, जिम्नी अशा ‘फोर बाय फोर’, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवू शकणाऱ्या वाहनांच्या टपावर यांपैकी कशाशीच न जुळणारी, काळ्या आवरणात बांधलेली एक चपटी पेटी दिसू लागली आहे; ती म्हणजे घडी घातलेला तंबू होय. मुक्कामाच्या जागी गाडी उभी करावी, पट्टे सोडावेत, घडी उलगडावी, शिडी लावावी आणि टपावरच झोपावे, असा त्याचा सरळ उपयोग आहे. बोचके टपावर टाकून दोरीने आवळले की भागते. तंबू मात्र टपावर बसवावा लागतो, आणि तो कशावर, कसा व किती वजनाचा बसवला यावर पुढच्या रात्रीची झोपच नव्हे तर वाटेतील वळणांवरची सुरक्षितताही ठरते.

या तंबूंचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात तळाची फळी मधोमध बिजागरीने जोडलेली असून पुस्तकासारखी उघडते. उघडल्यावर तिचा अर्धा भाग टपावर राहतो, अर्धा गाडीच्या बाहेर अधांतरी येतो, आणि त्या अधांतरी भागाला वर चढण्याची शिडीच खांबासारखा आधार देते. दुसऱ्या प्रकारात फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा झाकणाचा डबा असतो आणि मोटारीची डिकी वर धरून ठेवणाऱ्या गॅसच्या दांड्यांसारख्याच दांड्या त्याचे झाकण उचलतात. पहिला प्रकार स्वस्त असतो आणि त्यात बिछाना मोठा मिळतो. दुसरा एक-दोन मिनिटांत उघडतो, परंतु महाग पडतो आणि त्यातील बिछाना सहसा टपाच्या मापाएवढाच राहतो. दोन माणसांच्या तंबूचे वजन साधारणपणे ५० ते ८० किलो असते, आणि पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगा आकडा हाच आहे.

कल्पना नवी नाही. इटलीत ऑटोहोम या कंपनीने १९५८ पासून असे तंबू बनवले, आणि पूर्व जर्मनीत तर ट्राबांटसारख्या अगदी छोट्या मोटारीच्या टपावरही ते बसवले जात. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत आणि ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात लांब पल्ल्याचा प्रवास करणाऱ्यांनी ती उचलली. तिकडे जमिनीवरच्या प्राण्यांपासून दूर झोपणे हे तिचे मोठे समर्थन मानले गेले. परंतु उंचावर झोपण्याचे महत्त्व मराठी मुलखाला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नव्हती, कारण ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याचा माळा हे त्याचेच रूप आहे. फरक एवढाच, की माळ्याचे चार खांब जमिनीत रोवलेले असतात आणि टपाचे चार खांब चाकांवर उभे असतात.

भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवली हे गाव या विषयासाठी सोयीचे उदाहरण आहे. महामार्गावरील किकवीपासून पूर्वेकडे वळल्यावर लागणारा हा भाग नीरेच्या खोऱ्यातला, तुलनेने उघडा व कमी पावसाचा आहे. उलट त्याच तालुक्याचा पश्चिम टोकाचा भाग वरंधा घाटाच्या माथ्याशी भिडतो, जिथे पावसाळ्याचे चार महिने ढग जमिनीवर उतरलेले असतात. भोंगवलीहून निघालेली गाडी प्रथम महामार्गाच्या वेगाने कापूरहोळपर्यंत किंवा त्याही पुढे चेलाडी फाट्यापर्यंत जाते, मग भोरकडे किंवा वेल्ह्याकडे (या तालुक्याचे नाव आता राजगड असे करण्यात आले आहे) वळून घाटाची वळणे घेते, आणि शेवटचे काही किलोमीटर मुरमाच्या, दगडगोट्यांच्या वाटेने मुक्कामाला पोचते. अशा रीतीने टपावरच्या तंबूच्या तीन परीक्षा एकाच दिवसात होतात: महामार्गावरचा वारा, घाटातले वळण आणि कच्च्या वाटेवरचा दणका. ज्याची जोडणी या तिन्हींतून निभावते, त्यालाच तंबू नीट बसला असे म्हणता येईल.

या विषयात सर्वाधिक गोंधळ भाराच्या दोन आकड्यांविषयी होतो. वाहनाच्या मालकपुस्तिकेत छतावर किती वजन ठेवता येईल हे दिलेले असते, आणि हा आकडा गतिज भाराचा, म्हणजे गाडी चालू असताना छताने सोसावयाच्या वजनाचा असतो. तीन दारांच्या जिम्नीच्या बाबतीत तो अवघा ३० किलो आहे, आणि पुष्कळ मोठ्या गाड्यांच्या बाबतीतही तो ५० ते १०० किलोंच्या घरातच राहतो. वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल, की ज्या छताची मर्यादा शंभर किलोंच्या आत आहे त्यावर ६० किलोंचा तंबू आणि त्यात सत्तर-सत्तर किलोंची दोन माणसे मिळून २०० किलो कसे पेलावे? याचे उत्तर असे, की माणसे झोपतात तेव्हा गाडी उभी असते. उभ्या गाडीच्या छतावरील भाराला स्थिर भार म्हणतात. त्यात दणका नसतो, वळणाची ओढ नसते, आणि उलगडणाऱ्या तंबूत तर भाराचा काही हिस्सा शिडीवाटे थेट जमिनीत उतरतो. चालत्या गाडीत मात्र वजन स्वस्थ बसत नाही. खड्ड्यात चाक आपटताना छताला क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट धक्का बसला असे धरले, तर ६० किलोंचा तंबू त्या क्षणी १८० किलोंसारखा वागतो, आणि असे क्षण कच्च्या वाटेच्या एका किलोमीटरमध्ये शेकडो येतात. म्हणून गतिज मर्यादा लहान ठेवलेली असते. टपाच्या पत्र्यावर दोन माणसे उभी राहून दाखवतात म्हणून तो तंबू वाहून नेईल, हा युक्तिवाद गॅरेजच्या दारात वारंवार ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे.

भाराची वाट कोठून जाते हे समजून घेतले म्हणजे पुढचे निर्णय सोपे होतात. तंबूच्या तळाशी ॲल्युमिनियमच्या दोन खाचेदार पट्ट्या असतात. त्या टपावर आडव्या टाकलेल्या दांड्यांना आवळपट्ट्या आणि बोल्टांनी जोडल्या जातात. दांड्या छताच्या कडेला धरलेल्या असतात. कडेपासून भार दारांमधल्या खांबांत, खांबांतून बॉडीच्या तळात, तेथून रबरी बैठकांवाटे चॅसीत, आणि चॅसीतून स्प्रिंग व टायरमार्गे जमिनीत जातो. या साखळीतील सर्वांत कच्ची कडी जेवढे पेलेल तेवढीच संपूर्ण जोडणीची ताकद होय. जुनी जिप्सी, बोलेरो किंवा आजची जिम्नी यांच्या छताच्या कडेला पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते, तिला चालकवर्ग ‘गटर’ म्हणतो. तिच्यावर पकडी बसवून आडव्या दांड्या टाकणे सोपे जाते, कारण ती छताच्या मजबूत कडेचाच भाग असते. तीन दारांच्या थारची गोष्ट वेगळी आहे. तिला कापडी छत किंवा वरून बसवलेले टणक छत असते, आणि कापडी छतावर तर काही पेलण्याचा प्रश्नच येत नाही. अशा गाडीवर तंबू घ्यायचा तर बॉडीला बाहेरून धरणारा नळ्यांचा स्वतंत्र सांगाडा उभारावा लागतो, म्हणजे भार छताला न लागता परस्पर खाली उतरतो. मात्र त्या सांगाड्याचेही वजन असते. लोखंडी नळ्यांचा ऐसपैस कॅरियर सहज ३० ते ४० किलो भरतो, आणि तो भक्कम दिसावा म्हणून जाड नळी वापरण्याचा फॅब्रिकेशनवाल्यांचा जो सार्वत्रिक हट्ट असतो त्याने तंबूसाठी राखलेली मर्यादा कॅरियरच खाऊन टाकतो. ॲल्युमिनियमचा हलका कॅरियर महाग वाटतो, परंतु त्यातील प्रत्येक वाचलेला किलो टपावरचा असल्यामुळे दुप्पट मोलाचा ठरतो.

टपावरचा किलो दुप्पट मोलाचा का, हे घाटात कळते. समजा, गाडीचे वजन १,७०० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जणू एका बिंदूत एकवटले आहे असा बिंदू, जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. तिच्यावर १९५ सेंटिमीटर उंचीवर तंबू व कॅरियर मिळून ८५ किलो चढवले, तर गुरुत्वमध्य सुमारे ६ सेंटिमीटर वर सरकतो. दोन चाकांमधील अंतर दीड मीटर धरले तर गाडी स्थिर अवस्थेत कलंडण्याचा कोन हिशेबाने सुमारे ४७ अंशांवरून ४४–४५ अंशांवर येतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण प्रत्यक्षात गाडी स्प्रिंगांवर झुकते, वळणावर बाहेर ओढली जाते, बाहेरचे चाक खड्ड्यात जाते, आणि हे सर्व एकाच वेळी घडते. तेव्हा खरी मर्यादा त्या आकड्याच्या बरीच अलीकडे असते आणि गमावलेले दोन-अडीच अंश तिच्यातूनच वजा होतात. वरंधा घाटाच्या किंवा पाबे घाटाच्या वळणांवर याचा अर्थ एवढाच, की नेहमीपेक्षा एक गिअर कमी आणि वळणाआधीच ब्रेक. आडव्या उतारावरची वाट, जिथे डावी चाके वर आणि उजवी खाली राहतात, ती तंबू चढवलेल्या गाडीने टाळलेलीच बरी. तिथे उतरून चालत जाऊन वाट पाहून येणे हा कमीपणा नव्हे.

महामार्गावरचा हिशेब वाऱ्याचा आहे. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग ८० वरून १०० किलोमीटरवर नेला की वेग सव्वापटच वाढतो, पण रोध दीडपटीहून अधिक होतो. १३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच अशा घडीला ताशी ८० किलोमीटरला सुमारे १२ किलोंची, आणि १०० किलोमीटरला सुमारे १८ किलोंची सततची मागे ओढ बसते. इंधन त्यानेच जास्त जळते. शिवाय घडीची पुढची कड काचेवरून चढून येणाऱ्या वाऱ्याच्या मार्गात असेल तर तिला खालून उचल मिळते. म्हणून तंबू शक्य तितका मागे व शक्य तितका खाली बसवणे, आणि दांड्या व तळ यांमध्ये हात जाईल एवढीच फट ठेवणे इष्ट ठरते. ती फट अगदीच नाहीशी करू नये, कारण बोल्ट आवळायला पाना तिथूनच जायचा असतो, आणि मागे सरकवताना डिकीचे दार पूर्ण उघडते की नाही हे आधी पाहिले नाही तर सगळे काम पुन्हा करावे लागते. एकूण उंची मोजून गाडीत दिसेल अशी लिहून ठेवावी. १८५ सेंटिमीटर उंचीची गाडी कॅरियर व घडीसह २३० सेंटिमीटरच्या आसपास जाते, आणि पुण्यातील कित्येक सोसायट्यांची तळघरातील पार्किंगे तेवढी उंच नसतात. गावात तर वडाच्या पारंब्या, लग्नमांडवाची कमान आणि घरावर ओढलेली विजेची सैल तार ही मोजमापे कोणत्याच पुस्तिकेत नसतात.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम चार माणसांचे आणि अर्ध्या दिवसाचे आहे. आडव्या दांड्या पाऊण ते एक मीटर अंतरावर, एकमेकींना समांतर आणि एकाच पातळीत टाकाव्यात. एक दांडी बोटभर वर असली तरी तंबूचा तळ पिळला जातो आणि त्याची बिजागरी लवकर सैल होते. शक्य असेल तिथे तिसरी दांडी घालावी. तंबू उचलण्यासाठी गावात सर्वांत उत्तम साधन म्हणजे ट्रॅक्टरच्या शेडमधली तुळई आणि चेन ब्लॉक: तंबू टांगून धरायचा आणि गाडी त्याच्याखाली हळू आणायची, म्हणजे कोणाची पाठही जात नाही आणि टपावर ओरखडाही उठत नाही. शिडी डाव्या बाजूला यावी, कारण भारतात रस्त्याच्या डाव्या कडेला थांबताना ती बाजू वाहतुकीपासून लांब असते. बोल्टांना नायलॉक नट, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे हादऱ्याने न सुटणारे नट वापरावेत, आणि आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने उत्पादकाने दिला असेल तेवढाच जोर द्यावा. दणदणीत आवळणे ही इथे सवय नव्हे तर चूक आहे. ॲल्युमिनियमची खाच त्याने फाकते आणि मग बोल्ट घट्ट दिसूनही धरत नाही. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकला आणि त्यात पावसाचे पाणी साचले तर दोन धातूंच्या त्या संयोगात ॲल्युमिनियम झिजू लागते, तेव्हा मध्ये वॉशर आणि थोडे ग्रीस असावे. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत. भोंगवलीहून निघालेल्या गाडीसाठी या तपासणीची जागा घाट लागण्यापूर्वीच, म्हणजे भोर किंवा वेल्ह्याच्या पेठेत, चहाच्या थांब्यावर ठरवून टाकावी.

कायद्याचा प्रश्नही डोळ्याआड करण्याजोगा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. पन्हळीवर पकडी लावून बसवलेला, पान्याने काढता येणारा तंबू आणि छताला भोके पाडून किंवा बॉडीला वेल्डिंग करून उभारलेला सांगाडा या दोहोंत म्हणूनच मोठे अंतर मानावे लागते. दुसऱ्या मार्गाने जाण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडेही लेखी विचारणा करणे शहाणपणाचे आहे, कारण अपघातानंतर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न याच जोडणीविषयी निघतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा रोख मात्र टपावरच्या तंबूंपेक्षा मुक्कामाची सोय असलेल्या मोठ्या वाहनांवर आणि त्यांच्यासाठीच्या थांब्यांवर आहे.

मुक्कामाची जागा निवडताना टपावरच्या तंबूला जमिनीच्या तंबूपेक्षा काही गोष्टी सोप्या आणि काही अवघड जातात. खालचा चिखल, दगड, काटेरी कुसळे यांचा प्रश्न मिटतो. वेल्ह्याकडे भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरात खाचरे कोरडी दिसतात, परंतु बांधाच्या कडेला ओल राहते. तिथे हा तंबू खरोखर उपयोगी पडतो. रात्री फिरणारा मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसांना दंश करतो हे ग्रामीण महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे, आणि उंच बिछाना त्यापासून बचाव करतो. पण तळ शिवलेला आणि चेन नीट बंद केलेला साधा तंबूही तेवढाच बचाव करतो, तेव्हा केवळ सापाच्या भीतीने टपावर ८० किलो चढवण्याचे कारण नाही. उलट सपाट जागा मिळवणे इथे फार कठीण होते. गाडीचा कल दोन-तीन अंशांचा असला तरी झोपलेला माणूस रात्रभर एका बाजूला घरंगळतो. खालच्या चाकांखाली फळ्या घालून पातळी साधावी लागते, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा लागतो आणि चाकांना दगड लावावे लागतात. भाटघर किंवा नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाची उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन वरून कडक आणि आतून मऊ असते. तिच्यावर उतरलेली जड गाडी बाहेर काढायला शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. रायरेश्वराच्या पठारावर तर तंबूची गाडी न्यायचा प्रश्नच नाही, कारण वरची शेवटची चढण लोखंडी शिडीची आहे; गाडी खालीच राहते आणि पाठीवर मावेल तोच तंबू वर जातो.

पावसाळ्यात दरडीखाली मुक्काम करू नये, हे सांगण्याची गरज जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये गावाची दरड कोसळून जी गत झाली त्यानंतर उरू नये. वरंधा घाट प्रशासनाकडून पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो तोही याच कारणाने. वळवाच्या विजांचा धोका मात्र कमी लोक जाणतात. पत्र्याची बंद मोटार विजेपासून बऱ्यापैकी संरक्षण देते, कारण वीज बाहेरच्या धातूवरून जमिनीकडे जाते. पण टपावर झोपलेला माणूस त्या पत्र्याच्या बाहेर आणि उघड्या माळावरील सर्वांत उंच जागी असतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी गडगडाट ऐकू येताच शिडीवरून उतरून गाडीत बसावे आणि काचा वर कराव्यात. कापडी किंवा फायबरच्या छताच्या गाडीत हे संरक्षण अपुरे असते, त्यामुळे तिच्या मालकाने जवळच्या पक्क्या घराचा आसरा आधीच हेरून ठेवावा. जागा शेतकऱ्याची असेल तर त्याला विचारावे, राखीव वनाची असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि स्टोव्ह कितीही थंडी असली तरी तंबूत पेटवू नये.

कापडाविषयी थोडे. चांगल्या तंबूत पॉलिकॉटन, म्हणजे सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड असते. ते श्वास घेते, म्हणून आत दव कमी धरते, पण वजनाला जड आणि वाळायला मंद असते. असा नवा तंबू पहिल्या प्रवासाआधी अंगणात उघडून एक-दोनदा पूर्ण भिजवून वाळवावा, कारण ओलाव्याने सुताचा धागा फुगतो आणि शिवणीतली सुईची भोके बुजतात. गादीखाली, तळाच्या थंड फळीवर, माणसांच्या श्वासातली वाफ पाणी होऊन साचते. तिथे हवा खेळावी म्हणून जाळीचा थर घालतात, आणि तो नसेल तर काथ्याची चटईही काम भागवते. सह्याद्रीतल्या पावसात भिजलेली घडी तशीच बांधून टपावर ठेवली तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. परतल्यावर तंबू खळ्यात किंवा गच्चीवर उघडून, चारही खिडक्या सोडून, शिवणी हाताला कोरड्या लागेपर्यंत वाळत ठेवावा. आणि पुढचा मुक्काम महिनाभर लांब असेल तर त्याच वेळी चेन ब्लॉक लावून तो टपावरून उतरवून ठेवावा.